अहवाल आधी, सुनावणी मग

मंगळवारी दुपारी सचिवसाहेबांनी माझ्या टेबलावर एकोणीस कागद ठेवले आणि म्हणाले, "बाई, संध्याकाळपर्यंत एवढं टाईप करून द्या. तीन प्रती."

मी नगर कार्यालयात लघुलेखिका. बावीस वर्षं झाली. माणसं बोलतात, मी ते खुणांच्या लिपीत उतरवते आणि मग टाईप करते. गटारावरून झालेली भांडणं मी उतरवली आहेत, शाळेच्या गळक्या छपरावरची उतरवली आहेत. एकदा तर दोन सन्माननीय सदस्यांनी एकमेकांच्या आईचा उद्धार केला, तोही उतरवला. तो नंतर खोडायला लावला, ते सोडा. सांगायचं एवढंच, की कुणाच्या बोलण्याने माझा हात थांबत नाही.

त्या दिवशी थांबला.

आमच्या गावात बाजारामागे एक गल्ली आहे. तिथल्या बायका काय करतात ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच माहीत नसतं. त्या बायकांनी वरच्या कोर्टात अर्ज केला होता, की आमच्या कामाला गुन्हा म्हणणं बंद करा. कोर्टाने सरकारला विचारलं, ज्यांच्यासाठी कायदा करता त्यांचं म्हणणं कधी ऐकलंत का? ऐका आणि अहवाल द्या. म्हणून पाच जणांची समिती नेमली, म्हणून सुनावणी ठेवली. सुनावणी गुरुवारी होती.

आणि मंगळवारी माझ्यासमोर समितीचा अहवाल पडला होता. पूर्ण. शिफारशींसकट. चौदाव्या पानावर लिहिलं होतं: 'समितीने संबंधित महिलांचे म्हणणे अत्यंत सहानुभूतीने ऐकून घेतले. आपली कैफियत मांडताना अनेक महिलांना अश्रू अनावर झाले. तथापि, समाजाची नैतिक वीण लक्षात घेता सदर व्यवसायास मान्यता देणे उचित होणार नाही, असे समितीचे एकमत झाले.'

मी उठून सचिवसाहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, सुनावणी परवा आहे."

"म्हणून तर आज टाईप करायचंय," ते म्हणाले. "शुक्रवारी समितीच्या अध्यक्षांना बाहेरगावी जायचंय."

"पण यात लिहिलंय की त्या रडल्या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, रडतीलच हो. अशा बायका रडतातच. नाहीच रडल्या तर एक ओळ काढू. तुम्ही टाईप करा."

मी टाईप केलं. एकही चूक न करता केलं, याचा मला आजही राग येतो. फक्त एक गोष्ट केली. आमच्याकडे प्रत्येक पानाच्या तळाशी, अगदी कोपऱ्यात, टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं आणि तारीख घालायची जुनी पद्धत आहे. हल्ली कुणी पाळत नाही, कुणी पाहतही नाही. मी एकोणीसही पानांवर ती घातली. पुढे चौकशीत मी म्हणाले, सवयीने घातली. ते खरं नव्हतं.

घरी आले तर धाकटा आरशासमोर उभा राहून भाषण पाठ करत होता. धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो सहा वर्षांचा असताना आई गेली, त्याला मीच वाढवला, तेव्हापासून सगळ्या घराचा तो धाकटाच. बाजारात त्याचं औषधाचं दुकान आहे. दुपारी तो जेवायला आला की माझी भावजय दुकानात बसते. व्यापारी मंडळाच्या वतीने सुनावणीत तोच बोलणार होता.

"ताई, ऐक ना," तो म्हणाला. "'आमच्या आयाबहिणींना या रस्त्याने मान वर करून चालता येत नाही.' कसं वाटतं?"

"कुठल्या रस्त्याने?"

"बाजारामागच्या."

"तिथून मी रोज येते. मान वर करूनच येते."

"तुझं वेगळं गं," तो म्हणाला आणि पुन्हा आरशाकडे वळला.

त्या बायका त्याच्याच दुकानातून औषधं घेतात. मागच्या बाजूने. पुढून आल्या तर बाकीची गिऱ्हाइकं बिथरतात, म्हणून त्यानेच मागच्या भिंतीला एक खिडकी पाडून घेतली होती. भावजय ताटं मांडत होती.  अहवालाचं मी घरी सांगितलं नाही. नोकरी होती ना.

गुरुवारी सभागृह भरलं. पहिल्या तीन रांगांत गावची प्रतिष्ठित मंडळी बसली होती. मागे बघे. गल्लीतल्या बायकांना मागच्या जिन्याने आणलं आणि सामानाच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाशेजारी बसवलं. नाव पुकारलं की एकेकीने यायचं, बोलायचं आणि परत जायचं. ज्यांच्यासाठी सुनावणी, त्यांनाच दुसऱ्यांचं म्हणणं ऐकायची सोय नव्हती.

आधी एक उपदेशक बोलले. पाऊण तास. मग धाकटा बोलला. त्याचा आवाज चांगला आहे, टाळ्या पडल्या. मान वर करून चालायचं वाक्य त्याने दोनदा म्हटलं. मी दोन्ही वेळा उतरवलं.

मग गल्लीतली पहिली बाई आली. तिला सगळे थोरली म्हणायचे. साठीची असेल. तिला पाहून अध्यक्षांनी आवाज मऊ केला. ते निवृत्त प्राचार्य होते, मऊ आवाज त्यांना छान जमायचा.

"तुम्हाला परवाना हवाय का, बाई?"

"नको," थोरली म्हणाली.

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांचा चेहरा उजळला. "म्हणजे हा धंदा वाईट आहे, हे तुम्हालाही मान्य आहे."

"मला माझ्या नवऱ्याने इथे आणून सोडलं, साहेब. धंदा चांगला असं मी कशाला म्हणेन? पण परवाना काढलात तर तो मिळणार कुणाला? घरमालकाला. दलालाला. ज्याच्या हातात आमची मान आहे त्यालाच तुम्ही शिक्का मारून देणार. आणि आमची नावं फोटोसकट वहीत चढणार, म्हणजे आमच्या मुलींना शाळेतून काढायला बरं. परवाना नको. आम्हाला गुन्हेगार म्हणणं तेवढं थांबवा. कुणी आम्हाला विकलं तर त्याला धरा. कुणी मारलं तर त्याला धरा. आम्हाला धरू नका."

"दोन्ही एकच झालं," अध्यक्ष म्हणाले.

"एकच कसं? परवाना म्हणजे तुम्ही आमचे मालक. गुन्हा काढला म्हणजे आमचं कुणी मालक नाही."

अध्यक्षांनी कागदावर काहीच लिहिलं नाही. लिहितील कशाला, सगळं आधीच लिहून झालं होतं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी समोर बसून पाहत होते.

दुसरी आली ती तिशीतली, रुमालाने अर्धा चेहरा बांधलेली. दिवसा ती गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवते, म्हणून तिला शिंपीण म्हणत. खुर्चीवर बसून तिने रुमाल सोडला. खालचा जबडा एका बाजूला सरकलेला होता. बोलताना एकाच बाजूने ओठ हलत, पण शब्द स्पष्ट होते. तिने ते घासून घासून स्पष्ट केले असावेत.

"सहा महिन्यांपूर्वी," ती म्हणाली, "एक माणूस दारू पिऊन आला. भर दुपारी. मी म्हटलं, आज नाही, परत जा. त्याने दाराचा अडसर काढून तोंडावर मारला. मी ठाण्यात गेले. बोलता येत नव्हतं, म्हणून कागदावर लिहून दिलं. विचारलं, काम काय करतेस? मी लिहिलं, शिवणकाम. हवालदार म्हणाला, खरं लिही. खरं लिहिलं, तर मलाच आत टाकलं. दोन दिवस. सुटल्यावर दवाखान्यात गेले. ते म्हणाले, मारहाणीची केस आहे, पोलिसांचा कागद आणा. पोलीस कागद देईनात. जबडा आपोआप जुळला. असा."

ठाणेदार दुसऱ्या रांगेत बसले होते. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "अशी काही नोंद आमच्याकडे नाही."

"तेच सांगतेय मी," शिंपीण म्हणाली.

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"हे पाहा," अध्यक्ष म्हणाले, "तुमच्याबद्दल आम्हाला वाईट वाटतं. पण कायद्याने तुम्ही तिथे असायलाच नको होतं."

"तोही तिथे असायला नको होता. त्याला कुणी आत टाकलं?"

"तुमच्या मुलीने हेच काम करावं, असं वाटतं का तुम्हाला?"

"हे काम चांगलं आहे का, असं मी विचारलंच नाही," ती म्हणाली. "बाईचा जबडा मोडणं गुन्हा आहे का, एवढंच विचारतेय. हो किंवा नाही सांगा, म्हणजे मी जाते."

तिने त्या माणसाचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. गावातल्या एका बड्या व्यापाऱ्याचा तो जावई. नाव मी इथे सांगत नाही, खटला चालू आहे. सभागृहात एकदम गलका झाला. अध्यक्षांनी टेबल बडवलं. "हे कामकाजातून काढून टाका. बाई, हे लिहायचं नाही."

माझ्या वहीत नाव उतरलं होतं. मी वर पाहिलं नाही. मान हलवली, म्हणजे त्यांना जे समजायचं ते समजू दे.

"याला साक्षीदार कोण?" समितीतल्या एकाने विचारलं. "कुणीही कुणाचंही नाव घेईल."

शिंपिणीने पहिल्या रांगेकडे बोट केलं. माझ्या भावाकडे. "औषधवाले दादा आहेत की. त्याच दिवशी, ठाण्यात जायच्या आधी, मी त्यांच्या खिडकीवर गेले होते. रक्ताने ओढणी भिजली होती. कुणी मारलं ते मी तिथे कागदावर लिहून दाखवलं होतं. विचारा त्यांना."

सगळ्या माना धाकट्याकडे वळल्या. तो उठला. कोट नीट केला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"मी या बाईला ओळखत नाही," तो म्हणाला. "अशा बायका माझ्या दुकानात येत नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या हाताला धरून मी त्याला अक्षरं गिरवायला शिकवली, त्याच हाताने मी त्याचं खोटं उतरवलं. शब्दाला शब्द.

शिंपीण रडली नाही. तिने रुमाल पुन्हा बांधला. त्या दिवशी सात बायका बोलल्या, एकीच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही. शेवटी सचिवसाहेब माझ्या टेबलाशी वाकून म्हणाले, "ती अश्रूंची ओळ राहू दे. कोण बघायला जातंय."

शुक्रवारी मी वही समोर घेऊन बसले आणि सगळं टाईप केलं. उपदेशकांचा पाऊण तास, थोरलीचा परवाना, ठाणेदारांचं वाक्य, जावयाचं नाव, भावाचं खोटं. आणि 'हे लिहायचं नाही' हेही. खाली सही केली, की हे शब्दशः खरं आहे. साहेब म्हणाले होते, आवश्यक तेवढंच करा. मला सगळंच आवश्यक वाटलं.

कोर्टाच्या हुकुमात एक ओळ होती, की सुनावणीत बोललेल्या कुणीही मागितली तर कामकाजाची खरी प्रत द्यावी. ती ओळ कुणी वाचणार नाही, अशी साहेबांची खात्री होती. शनिवारी सकाळी मी गल्लीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा. रोज तिच्या तोंडावरून गेले होते, आत कधी नाही. शिंपीण दारात मशीन घेऊन बसली होती. पायाशी कापडाच्या चिंध्या, भिंतीला टेकून दोन लहान मुलींची दप्तरं.

"अर्ज करा," मी म्हटलं. "प्रत मागा. आणि अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका."

तिने मशीन थांबवलं नाही. "तुम्ही त्यांच्या बहीण ना?"

"हो."

"मग कशाला आलात?"

मी पर्समधून कोरा कागद काढून पुढे केला. तिने शिवण पुरी केली, दोरा दातांनी तोडता येत नव्हता म्हणून कात्रीने कापला आणि म्हणाली, "अर्जात काय लिहायचं ते सांगा."

सोमवारी एकतीस जणींच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज आला. प्रत देणं माझंच काम होतं. मी दिली.

महिनाभराने बायकांच्या वकील बाईंनी कोर्टात दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक माझी प्रत, दुसरा समितीचा अहवाल. आणि अहवालाच्या तळाच्या कोपऱ्यातली तारीख वाचून दाखवली. सुनावणीच्या दोन दिवस आधीची. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं म्हणे, "या बायका मंगळवारीच रडून गेल्या होत्या का?" अहवाल रद्द झाला. नव्या समितीचा हुकूम निघाला. आणि शिंपिणीची तक्रार तातडीने नोंदवून घ्या, असं ठाण्याला सांगण्यात आलं.

माझी बदली तळघरात झाली, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी लावायला. चौकशी लागली. त्याचं मला फारसं वाटलं नाही. घरचं मात्र वाटलं.

"माझी इज्जत वेशीवर टांगलीस," धाकटा म्हणाला. पेपरात त्याचं वाक्य शब्दशः छापून आलं होतं. "सख्ख्या बहिणीने."

"तू बोललास ते मी लिहिलं. माझं काम आहे ते."

"एवढं एक वाक्य गाळलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तू तिला ओळखतोस की नाही?"

"ओळखतो," तो ओरडला. "गावातला प्रत्येक माणूस ओळखतो. म्हणून तसं सभेत उभं राहून सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, ताई. हे सगळं उघडं केलं तर उद्या घराघरांत काय होईल, कळतंय तुला?"

"तिचा जबडा मोडला होता रे."

"मग मी काय करू? मी मोडला?"

मी ताट सारून उठले. ज्याला साधी सर्दी झाली तरी मी दवाखान्यात न्यायची, त्याच्या तोंडून हे ऐकताना मला त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त संताप आला. असा कसा वाढवला मी याला? अभ्यास घेतला, पाढे घेतले, आणि हे राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात गेल्यावर भावजय चहाचे कप घेऊन माझ्या खोलीत आली. ती एरवी दारातूनच कप देते. त्या दिवशी आत येऊन बसली.

"ताई, त्या दिवशी खिडकीवर मी होते. हे जेवायला घरी आले होते."

मी कप खाली ठेवला.

"तिची पट्टी मी बांधली. तिने कागदावर नाव लिहिलं ते मी वाचलं. हे आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, कागद फाडून टाक, तो मोठ्या घरचा आहे. मी फाडला."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तर मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं असतं." तिने आपला कप बाजूला सारला. मग म्हणाली, "सभेत हे म्हणाले ना, ओळखत नाही, तेव्हा मी मागे उभी होते. तिने मला पाहिलं. माझं नाव घेऊ शकली असती. नाही घेतलं."

त्याच दिवशी अकरा वाजता आम्ही दोघी ठाण्यात गेलो. शिंपीण आणि तिच्या वकील बाई बाहेरच्या बाकावर आधीच बसल्या होत्या, कारण हुकूम निघून आठवडा झाला तरी त्यांना रोज 'उद्या या' सांगत होते. भावजयीने ठाणेदारांना सांगितलं, मला साक्ष द्यायची आहे.

ठाणेदारांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मालकांना विचारलंत का?"

"मालक सभेत सांगून बसलेत, की ते तिला ओळखत नाहीत," भावजय म्हणाली. "जे ओळखतच नाहीत त्यांना कशाला विचारायचं? जबडा मी बांधला. माझं लिहून घ्या."

"वहिनी, चांगल्या घरच्या तुम्ही. कोर्टात उलटसुलट विचारतील. तिथे कशी गेलात, तिच्याशी संबंध काय."

"विचारू देत."

ठाणेदार पेन हातात घेऊन नुसते बसले. तेव्हा मी पर्समधून वही काढली आणि त्यांच्या टेबलाच्या कडेला उघडून ठेवली. "तुम्ही लिहा," मी म्हटलं, "मीही लिहिते. नंतर दोन्ही ताडून पाहू." माझ्या वहीकडे त्यांनी असं पाहिलं, की जणू मी टेबलावर साप सोडलाय. पण लिहायला लागले.

दोन तास लागले. भावजयीने वेळ सांगितली, ओढणीचा रंग सांगितला, फाडलेल्या कागदावरचं नाव सांगितलं. कागद कुणाच्या सांगण्यावरून फाडला तेही सांगितलं.  त्या संध्याकाळी धाकट्याने तिला घरात घेतलं नाही. मग मीही राहिले नाही. आम्ही दोघी आता नदीपलीकडे एका खोलीत राहतो. जावई जामिनावर सुटून बाजारात हिंडतो. नव्या समितीची सुनावणी दोनदा पुढे ढकलली गेली आहे.

त्या दिवशी ठाण्यातून बाहेर पडलो तेव्हा शिंपीण पायऱ्यांवर आमची वाट पाहत होती. मला वाटलं, आता ही हात जोडेल, आणि तसं काही झालं तर काय बोलायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. तिने हात जोडले नाहीत. ती भावजयीसमोर येऊन उभी राहिली आणि रुमाल खाली केला.

"हेच तेव्हा सांगितलं असतंत तर पोलिसांचा कागद मिळाला असता," ती म्हणाली. "दवाखान्याने हाड नीट बसवलं असतं."

भावजयीने तिच्या जबड्याकडे पाहिलं. नजर वळवली नाही.

"हो," ती म्हणाली.